जुन्या चर्च-वह्यांची नामसूची: दोन नावं, एक माणूस आणि ‘पाहा’ नोंदी
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई, मुंबई, ठाणे आणि गोवा इथल्या जुन्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वह्यांची छायाचित्रं वाचून घरबसल्या सूची करणाऱ्यांसाठी हे पान आहे. हस्ताक्षर कसं वाचायचं हा वेगळा विषय. इथे फक्त नावांचा गुंता: एकाच माणसाची अनेक नावं, एकाच नावाची अनेक माणसं, आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा. उदाहरणादाखल दिलेल्या नोंदी समजावण्यासाठी रचलेल्या आहेत, कोणत्याही कुटुंबाच्या नाहीत.

एकाच नोंदीत माणसाची दोन नावं आहेत. कोणतं घ्यायचं?

दोन्ही. ‘आलियास’ किंवा लॅटिन वहीत ‘वुल्गो’ असा शब्द दिसला की पाद्रीच सांगतोय की या माणसाला लोक दुसऱ्या नावानेही ओळखतात. पहिलं नाव मुख्य रकान्यात आणि दुसरं ‘अन्य नाव’ रकान्यात जातं. शोधणाऱ्याने कोणतंही नाव टाकलं तरी त्याला हीच नोंद सापडली पाहिजे. म्हणून ‘पेद्रो फर्नांडिस आलियास घोन्सालवीस’ याची ओळ एकच, पण ती फर्नांडिसखालीही दिसते आणि घोन्सालवीसखालीही.

समासात एक नाव आणि मजकुरात दुसरं असेल तर मजकुरातलं मुख्य धरा. समासातलं नाव बहुतेक वेळा नंतर पानं चाळायला सोपं जावं म्हणून लिहिलेलं असतं आणि घाईत लिहिलेलं असतं.

‘पाहा’ नोंद आणि दोन नोंदींची जोडणी यांत फरक काय?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

‘पाहा’ नोंद नावांबद्दल असते. मराठी विश्वकोशात एखाद्या नोंदीच्या शेवटी ‘पहा :’ म्हणून दुसरी नोंद सुचवलेली असते, तसंच हे. ‘डाबरे – दे आब्रेव हेही पाहा’ एवढंच ती सांगते. वसईतलं डाबरे हे आडनाव पोर्तुगीज ‘द आब्रेव’वरून आलं असं मानलं जातं. डाबरे शोधणाऱ्याने जुन्या वह्यांत आब्रेवखालीही बघावं, एवढाच तिचा अर्थ. अमुक डाबरे आणि तमुक आब्रेव एकाच घरातले, असा दावा ती करत नाही.

जोडणी माणसांबद्दल असते. १८७१च्या बाप्तिस्म्यातला मुलगा आणि १८९४च्या लग्नातला नवरा हे एकच, असं जेव्हा तुम्ही म्हणता तेव्हा तो तुमचा निष्कर्ष असतो. त्याला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण मूळ नोंदीच्या मजकुरात न मिसळता वेगळ्या रकान्यात लिहावं लागतं.

नोंद जशी आहे तशी उतरवणं हे एक काम, आणि दोन नोंदी एका माणसाच्या आहेत हे ठरवणं हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी, एकाच रकान्यात केली की सूचीचा विश्वास गेला म्हणून समजा. लग्नाच्या वहीत आईचं नाव ‘आना मारिया’ आहे आणि बाप्तिस्म्याच्या वहीत नुसतंच ‘आना’, तर बाप्तिस्म्याच्या ओळीत ‘मारिया’ घालू नका. जोडणी हा कच्चा टाका आहे: उद्या नवा पुरावा आला तर मूळ कापडाला भोक न पडता तो उसवता आला पाहिजे.

वहीतच ‘विदे’ किंवा नुसतं रोमन ‘व्ही’ अक्षर आणि आकडा लिहिलाय. हे काय?

ही पाद्रीने स्वतः करून ठेवलेली पाहा-खूण. ‘विदे’ म्हणजे बघ. पुढे पानाचा आकडा असतो. ती खूण जशीच्या तशी उतरवा, मग ते पान उघडून बघा. पान फाटलेलं किंवा गहाळ असलं तरी खूण सूचीत राहू द्या. तिथे एक नोंद होती याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

सावध राहायचं ते या एका अक्षरापासून, कारण ते तीन कामं करतं. आकड्याच्या आधी आलं तर बहुधा ‘बघ’. आकड्याला चिकटून मागे आलं तर पानाची पाठची बाजू, कारण जुन्या वह्यांत आकडा फक्त पुढच्या बाजूला घालत. आणि बाईच्या नावाशेजारी आलं तर ‘विधवा’ या शब्दाचं आद्याक्षर असू शकतं. ‘मारिया’, मग हे अक्षर, मग नवऱ्याचं नाव अशी ओळ दिसली तर पान शोधत बसू नका.

वही नव्याने बांधताना कधीकधी पानांना नवे आकडे पडतात आणि जुने तिरकी रेघ मारून खोडलेले असतात. पाद्रीची खूण जुन्या आकड्यांना धरून असते. म्हणून सूचीत दोन्ही आकडे ठेवा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लग्नाची माहिती आहे. ती कशी घ्यायची?

स्वतंत्र घटना म्हणून, पण मूळ नोंदीला बांधलेली.

कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवण्याचा नियम ट्रेंट इथल्या बिशपांच्या परिषदेने १५६३मध्ये घालून दिला. मात्र लग्न झालं की त्याची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवून तिथल्या वहीत टिपायची, ही सक्ती खूप उशिराची आहे. ती रोमच्या १९०७च्या ‘ने तेमेरे’ या फर्मानाने आली आणि १९०८च्या ईस्टरपासून लागू झाली. १९१७च्या धर्मसंहितेने त्यात दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि संन्यासव्रताचीही भर घातली. आजच्या १९८३च्या संहितेतही हा नियम आहे.

याचा आपल्या कामाशी थेट संबंध असा, की १८८०नंतर जन्मलेल्यांच्या नोंदींशेजारी समास भरलेला दिसू लागतो, आणि त्याआधीच्यांचा बहुतेक कोराच असतो. समास कोरा असणं म्हणजे माणूस अविवाहित राहिला असं नाही.

समासातली टीप वेगळ्या शाईत, वेगळ्या हातची आणि बऱ्याचदा वेगळ्या भाषेत असते: मूळ नोंद पोर्तुगीजमध्ये आणि टीप इंग्रजीत. तिच्यातून चार गोष्टी घ्यायच्या: जोडीदाराचं नाव, तारीख, चर्चचं नाव आणि असल्यास लग्नवहीचा आकडा. जोडीदाराचं नावही सूचीत आलंच पाहिजे. वसईच्या मुलीचं लग्न मुंबईत किंवा कराचीत झालं असेल, तर तिच्या नवऱ्याच्या वंशजांना वसईचं गाव कळायचा हाच एक धागा असतो.

आणि तारखांची सरमिसळ नको. समासातलं १९१२ हे साल मूळ रकान्यात गेलं की १८८९ला जन्मलेली बाई सूचीत तेवीस वर्षांनी धाकटी होते.

पाद्रिन-माद्रिनची नावंही सूचीत घ्यायची का? वेळ फार जातो.

जातो, पण घ्याच. पाद्रिन-माद्रिन म्हणजे बाप्तिस्म्यात मुलाची हमी घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता. ते बहुधा नात्यातले किंवा वाडीतलेच असतात, आणि दोन सारख्या नावांत निवाडा करताना तेच कामाला येतात. प्रत्येक नावापुढे त्याची भूमिका लिहा: मूल, आई, बाप, धर्मपिता, साक्षीदार. पाद्रिन गैरहजर असेल तर त्याच्या वतीने उभ्या राहिलेल्या ‘प्रोकुरादोर’चं नाव येतं. त्याला चुकून पाद्रिन करू नका. पुढच्या काळातल्या पुष्कळ नोंदींत आजी-आजोबाही असतात, तेही हवेत. नोंद करणाऱ्या पाद्रीचं नाव दर ओळीत नको, वहीच्या माहितीत एकदा पुरे.

नाव आखडून लिहिलंय. पूर्ण करायचं का?

एका रकान्यात जसं दिसतं तसं, दुसऱ्यात पूर्ण. फर्नांडिसची तीन अक्षरं आणि शेवटी झेड, रोद्रिगिशचं ‘रोइज’, गोन्साल्विशचं ‘ग्लझ’ ही नेहमीची. ती सहज पूर्ण करा.

फसवणारी आखडती नावं म्हणजे शेवटची अक्षरं वर, बारीक लिहिलेली. ‘फ्रान’ लिहून वर चिमुकलं ‘को’ काढलं असेल तर तो फ्रान्सिस्को. वरचं ‘को’ ओळीत आणून वाचलंत तर ‘फ्रान्को’ होतं, आणि फ्रान्को हे पोर्तुगीजमध्ये खरोखरचं आडनाव आहे. म्हणजे चूक कुणाच्या नजरेलाही येणार नाही. तसंच ‘मेल’ म्हणजे मानुएल, आणि ‘एम’वर बारीक ‘आ’ म्हणजे मारिया. छायाचित्र मोठं करून अक्षर ओळीत आहे की ओळीच्या वर, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घरात बोस्त्यांव, वहीत सेबास्तियांव, पुढच्या वहीत सेबॅस्टियन. एकच लिहू का?

नाही. ज्या वहीत जे आहे ते. बोस्त्यांव, दुमिंग, इनास, जुझे, जुवांव, रुझार ही घराघरांतली नावं वहीत क्वचितच उतरली. पाद्री पोर्तुगीज असेल तर पोर्तुगीज रूप, लॅटिन वही असेल तर लॅटिन, आणि इंग्रजी अमदानीत इंग्रजी. ही सगळी रूपं एकत्र बांधायला नावांचा वेगळा तक्ता ठेवा. त्यात ‘बोस्त्यांव – सेबास्तियांव, सेबास्तियानुस, सेबॅस्टियन पाहा’ अशी ओळ एकदाच घाला. प्रत्येक नोंदीत हाताने रूपं भरत बसायची गरज नाही.

लॅटिन वहीत आणखी एक कटकट आहे. बापाचं नाव ‘चा’ विभक्तीत येतं, म्हणून ‘जोसेफी’ दिसलं तर माणूस ‘जोसेफुस’ आहे. विभक्ती काढून मूळ लॅटिन रूप लिहायला हरकत नाही. लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये मात्र उलटवू नका. ‘याकोबुस’ हा पोर्तुगीजमध्ये दियोगो, तियागो किंवा जायमे असू शकतो आणि इंग्रजीत जेम्स किंवा जेकब. उलटीकडून, लुईश नावाच्या माणसाला एक पाद्री ‘लुदोविकुस’ लिहितो आणि दुसरा ‘आलोयसियुस’. दोन वेगळे भाऊ समजून दोन ओळी झालेल्या सूच्या दिसतात त्या यामुळेच.

‘डी’, ‘दे’, ‘दा’, ‘दोस’ यांचं काय करायचं? आणि आडनाव नसेलच तर?

उतरवताना ठेवा, क्रम लावताना दुर्लक्ष करा. डिसोझा, दे सौझा, द सोझा हे सगळे शोधात एकत्र यायला हवेत.

आडनाव नसेल तर रकाना रिकामा. बायकांच्या नावात ‘दे जेजुस’, ‘दो रोझारियो’ अशी भक्तीची नावं येतात. ती घराण्याची असतीलच असं नाही, कारण आईचं एक आणि मुलीचं दुसरं असतं. बापाचं आडनाव मुलाला चिकटवून ‘दुरुस्ती’ करू नका. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असणं हे जुन्या वह्यांत अजिबात नवलाचं नाही.

धर्मांतरापूर्वीचं नाव कुठे लिहायचं?

‘अन्य नाव’ रकान्यात, आणि प्रकार म्हणून ‘बाप्तिस्म्यापूर्वीचं’ असं लिहून. अर्थात नोंदीत ते असेल तरच. ‘आम्ही मूळचे अमुक’ ही घरातली आठवण मौल्यवान आहे, पण ती वहीत नाही, म्हणून सूचीतही नाही.

इथे पंथापंथांत फरक पडतो. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर नाव आणि आडनाव दोन्ही बदलत, आणि आडनाव पुष्कळदा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं मिळे. एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेली, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली माणसं त्यामुळे एकाच आडनावाची झाली. वसईत किंवा साष्टीत आडनाव जुळलं म्हणून नातं जुळलं असं म्हणता येत नाही, त्याचं कारण हे.

एकोणिसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट मिशनांत चित्र वेगळं दिसतं. बाबा पदमनजी १८५४मध्ये बेळगावात ख्रिस्ती झाले, नारायण वामन टिळक १८९५मध्ये. दोघांची नावं तीच राहिली. उलट नीळकंठशास्त्री गोरे १८४८मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले, आणि पुढे दोन्ही नावं जोडूनच ओळखले गेले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला तेव्हा त्यांना ‘मेरी रमा’ नाव मिळालं. मराठी वाचक रमाबाई शोधणार, वाँटेजची वही मेरीखाली जाणार. पाहा-नोंद नसेल तर दोघांची गाठ पडायची नाही.

सारख्याच नावाचे दोघे आहेत. एकच की वेगळे, हे कसं ठरवायचं?

नावाखेरीज किमान दोन गोष्टी जुळाव्यात आणि एकही विरोधात नसावी, असा आमचा ठोकताळा आहे. आईबापांची नावं, गाव किंवा वाडी, जोडीदार, धर्मपिता, वय यांतलं काहीही चालेल. जोडणीपुढे ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘शंका’ यांतलं एक लिहा. ‘शंका’ लिहायला लाजू नका. नुसत्या नावावरून ‘नक्की’ लिहिलेल्या ओळीपेक्षा ती शंभरपट बरी.

मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती. त्याच आईबापांच्या पोटी दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन ‘जुआंव’ दिसले तर आधी दफनाची वही बघा. आजोबांचं नाव नातवाला, आणि तेही चुलतभावांना एकदमच, हाही नेहमीचा प्रकार.

एक खजिना लोक सोडून देतात, तो म्हणजे लग्नाच्या नोंदीतली नात्याची सूट. १९१७पूर्वी चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्न करायला चर्चची परवानगी लागे, आणि कितव्या पायरीचं नातं आहे हे वहीत टिपलं जाई. दुसरी पायरी म्हणजे नवरा-बायकोचे आजोबा किंवा आजी एक. तिसरी म्हणजे पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. समजा, तुमच्यापुढे दोन पास्कोल आहेत आणि त्यांतल्या एकाचेच आजोबा वधूच्या आजोबांशी जुळतात, तर दुसऱ्या पायरीची सूट लिहिलेलं लग्न कुणाचं हा प्रश्नच उरत नाही. या सुटीसाठी स्वतंत्र रकाना ठेवा.

एकाच मुलाचा बाप्तिस्मा दोनदा नोंदलेला आहे. एक ओळ काढून टाकू?

काढू नका. कारण शोधा. मूल अशक्त जन्मलं तर सुईणीने किंवा घरातल्या कुणी तिथल्या तिथे बाप्तिस्मा द्यावा आणि जगलं तर पुढचे विधी चर्चमध्ये व्हावेत, अशी रीत होती. घरचा बाप्तिस्मा नीट झाला की नाही याची शंका असेल तर पाद्री ‘सुब कोंदिसियोने’ म्हणजे सशर्त बाप्तिस्मा देत असे.

मुंबईत दुसरंही कारण असतं. १७९४पासून १९२८पर्यंत मुंबईतल्या कॅथलिकांवर दुहेरी सत्ता होती: काही चर्च गोव्याच्या, म्हणजे पाद्रोआदोच्या (पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालच्या व्यवस्थेच्या) हाताखाली, काही प्रोपागांदाच्या, म्हणजे थेट रोमच्या मिशन-खात्याच्या. वाद पेटलेला असे आणि एकाच घरातली माणसं दोन चर्चमध्ये विभागली जात. थोरल्याची नोंद एकीकडे, धाकट्याची दुसरीकडे. एका चर्चच्या वहीत कुटुंब अर्धवट दिसलं तर घाईने ‘संपलं’ म्हणू नका.

तिसरा प्रकार नकलेचा. ब्रिटिश अमलातल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत आहेत. नक्कल ही वेगळी घटना नव्हे. तिला ‘प्रत’ म्हणून मूळ नोंदीशी बांधा आणि नावात फरक असेल तर दोन्ही रूपं ठेवा. १७५२पूर्वीच्या इंग्रजी नोंदींत जानेवारी ते मार्चच्या तारखांना जोडसाल दिसतं, कारण त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. एकाच दफनाची दोन सालं झालेली दिसली तर हे तपासा.

वहीच्या शेवटी पाद्रीने केलेली नावांची यादी आहे. तीच उतरवली तर?

ती वाटाड्या म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. अशा याद्या पुष्कळदा आडनावाने नाही, तर बाप्तिस्म्याच्या नावाने लावलेल्या असतात: सगळे आंतोनियो एकत्र, मग सगळ्या आना. पान गहाळ असेल तेव्हा मात्र यादीतली ओळ घ्या, ‘फक्त यादीवरून’ असा शेरा मारून.

बापाचं नाव नाही, किंवा ‘अज्ञात’ लिहिलंय.

मग सूचीतही अज्ञात. दुसऱ्या नोंदीवरून कळलं तरी ते तिथल्या ओळीतच राहील. टाकून दिलेली मुलं, आणि जुन्या गोव्यातल्या वह्यांत कुणाचे तरी गुलाम म्हणून नोंदलेले लोक यांनाही स्वतःची ओळ द्या. मालकाचं नाव वेगळ्या भूमिकेत येईल. गुलामाला मालकाचं आडनाव देऊ नका.

१७३९च्या आधीच्या वसईच्या पूर्वजांशी आजचं कुटुंब जोडता येईल का?

कागद असेल तर. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आणि पुष्कळ चर्च ओस पडले. त्यांच्या वह्यांची साखळी तिथे तुटते. पलीकडे एक परेरा आणि अलीकडे एक परेरा, एवढ्यावर जोडणी करणारे वंशवृक्ष इंटरनेटवर भरपूर आहेत. आमच्या सूचीत ते ‘शंका’ म्हणूनही घेत नाही.

आधीच्या सूचीकाराची चूक सापडली. दुरुस्त करू?

जुनं वाचन पुसू नका. नवं वाचन शेजारच्या रकान्यात, तारीख आणि तुमची आद्याक्षरं घालून. अक्षर खरोखरच दोन प्रकारे वाचता येत असेल तर दोन्ही वाचनं शोधात येऊ द्या.

हयात माणसांची माहिती दिसली तर?

उतरवा, पण खुली करू नका. समासातल्या टिपांत लग्न रद्द झाल्याची किंवा दत्तक घेतल्याची माहिती असते. मूळ नोंद शंभर वर्षांपूर्वीची असली तरी तिच्या शेजारची टीप अलीकडची असू शकते. म्हणून माहिती खुली करायची मुदत मोजायची ती टिपेच्या तारखेपासून.

छायाचित्र वाचता येत नाही. मूळ वही बघायला मिळेल का?

वसईच्या वह्या त्या-त्या धर्मग्रामातच (पॅरिशमध्येच) असतात. १९९८मध्ये वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला, म्हणून पत्र वसईच्या नावाने जायला हवं. गोव्यातल्या काही जुन्या वह्या पणजीच्या सरकारी पुराभिलेखागारात आहेत. दोन्हीकडे आधी विचारून जा. वर्ष, पान आणि बाजू लिहून न्या, आणि रविवार सोडून जा, कारण मिसाच्या, म्हणजे उपासनेच्या, गडबडीत कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे शोधण्यातच सकाळ जाते.